राग नसावा

दातांच्या डॉक्टरांना बोलायला फार आवडायचं, आणि त्यांचा धंदाही असा, की समोरच्याला उलट बोलताच येऊ नये! बावीस वर्षं त्यांनी त्या निळ्या खुर्चीत माणसं आडवी केली, त्यांच्या गालांत कापसाचे बोळे कोंबले, ओठावर लाळ ओढणारी नळी लटकवली आणि मग जगातल्या यच्चयावत विषयांवर आपली मतं मांडली. मुलांना कसं वाढवावं, देश कसा चालवावा, माणसाने एकटं कसं राहावं! मधूनच ते विचारायचे, "काय, बरोबर आहे ना?" खुर्चीतून "आँऽ" असा आवाज यायचा. डॉक्टर तो होकार धरायचे. बावीस वर्षांत एकाही माणसाने त्यांना विरोध केला नव्हता. अशा माणसाला आपण विचारवंत आहोत असं वाटायला लागलं, तर त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?

एका रविवारी जेवताना त्यांनी जाहीर करून टाकलं, "मी ब्लॉग लिहिणार आहे!"

त्यांच्या बायको गणिताच्या शिक्षिका. एका हाताने जेवत आणि दुसऱ्या हाताने वह्या तपासत त्या म्हणाल्या, "लिहा की. कागद तरी वाया जात नाही."

"अगं, लोकांना विचारांची भूक लागलीय!"

"असेल. तुम्ही आधी पोळी घ्या."

डॉक्टरांनी टोपणनाव घेतलं 'एकांतयात्री'. खऱ्या नावाने लिहिलं तर दवाखान्यात वाचकांची झुंबड उडेल, सह्या देता देता दाढा राहून जातील, ही रास्त भीती त्यांना होती. पहिला लेख लिहिला 'समुद्र आणि मी'. डॉक्टरांनी समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला होता, त्यातला एकदा बसच्या खिडकीतून, तोही झोपेत असताना बायकोने हलवून दाखवला म्हणून. पण प्रतिभेला काय, ओंजळभर पाणी पुरतं!

लेख टाकला आणि डॉक्टर वाट बघू लागले. दोन पेशंटांच्या मध्ये ते हातमोजे काढून फोन उघडायचे. पहिल्या दिवशी वाचकसंख्या अठ्ठेचाळीस! दुसऱ्या दिवशी त्रेपन्न! डॉक्टर हवेत. आपण स्वतः पान उघडलं की तेही मोजलं जातं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांना पटलं नसतं.

सहाव्या दिवशी पहिली प्रतिक्रिया आली. डॉक्टर एवढे हरखले, की खुर्चीतल्या बाईंना त्यांनी "तोंड बंद करा" म्हणायच्या ऐवजी "अभिनंदन" म्हटलं. मग त्यांनी ती वाचली.

प्रतिक्रिया देणाऱ्याने नाव घेतलं होतं 'राग नसावा'. मजकूर असा: "लेख वाचला. पहिल्या परिच्छेदात 'अथांग' हा शब्द पाच वेळा आला आहे. समुद्र एकदा अथांग म्हटला, की तो अथांगच राहतो. दर ओळीला आठवण द्यावी लागत नाही. 'क्षितिज' शब्दातला 'ति' ऱ्हस्व असतो. तुम्ही तो दीर्घ केला आहे, तोही चारदा, म्हणजे हात चुकलेला नाही. राग नसावा."

राग नसावा म्हणे! डॉक्टरांच्या कानशिलांतून वाफ यायला लागली. त्यांनी तिथल्या तिथे उत्तर ठोकलं: "महोदय, साहित्यात भावना महत्त्वाची असते, व्याकरण नव्हे!"

दहा मिनिटांत उलट टपाल: "भावना पोचली असती, तर व्याकरणाकडे लक्षच गेलं नसतं. राग नसावा."

त्या दुपारी एका धिप्पाड ट्रकड्रायव्हरची दाढ डॉक्टरांनी अशा आवेशाने उपटली, की तो बाहेर जाऊन काउंटरवरच्या ताईंना विचारायला लागला, "माझं काही चुकलं का हो?"

दुसरा लेख डॉक्टरांनी जपून लिहिला. विषय मुद्दाम गंभीर, 'मौनाचं सामर्थ्य'. शब्दकोश शेजारी ठेवून, एकेक वेलांटी तपासून. काय बिशाद आता कोणाची! प्रतिक्रिया आली ती एवढीच: "मौनावर अठराशे शब्द! राग नसावा."

डॉक्टर दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण चव न घेता.

"काढून टाका ना ती प्रतिक्रिया," बायको म्हणाल्या. "बटण असतं त्याला."

"तो पळपुटेपणा झाला! मी टीकेला घाबरणारा माणूस नाही," असं बाणेदारपणे सांगून डॉक्टर न्हाणीघरात गेले, आतून कडी लावली आणि ती प्रतिक्रिया काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत तिथेच, वर एक ओळ जास्तीची: "कालची प्रतिक्रिया वाऱ्याने उडून गेलेली दिसते. पुन्हा लावत आहे."

सरळ बोटाने तूप निघेना, तेव्हा डॉक्टरांनी बोट वाकडं केलं. त्यांनी आणखी एक नाव काढलं, 'निःपक्ष वाचक'. हा निःपक्ष वाचक आल्या दिवसापासून एकांतयात्रींच्या प्रेमात आकंठ बुडालेला! "काय ही शैली! काय ही खोली! काही क्षुद्र लोकांना फक्त वेलांट्या दिसतात," असं त्याने लिहिलं. राग नसावाने विचारलं, "खोली किती फूट?" निःपक्ष वाचक चवताळला. आठवडाभर दोघांची अशी जुंपली, की लेख राहिला बाजूला! डॉक्टर सकाळी एकांतयात्री म्हणून लिहायचे, दुपारी निःपक्ष वाचक म्हणून भांडायचे आणि मधल्या वेळात जमलं तर दात बघायचे.

शेवटी व्हायचं तेच झालं. एका दुपारी घाईघाईत, एका हातात मोजा आणि एका हातात फोन अशा अवस्थेत, त्यांनी लिहिलं: "एकांतयात्रीजी, आपला लेख वाचून डोळे पाणावले. आपल्यासारखा लेखक शतकात एखादाच!" पाठवलं. मग वर नाव बघितलं. नाव होतं एकांतयात्री.

डॉक्टरांनी पुसायचा प्रयत्न केला, पण मोज्याला भराव घालायचं सिमेंट लागलेलं. बोट काचेवर उमटेना! मोजा दाताने ओढून काढेपर्यंत उत्तर येऊन पडलं होतं: "स्वतःची पाठ थोपटायला हात लांब लागतात. तुमचे आहेत. राग नसावा."

या घावातून सावरायला डॉक्टरांना पंधरा दिवस लागले. मग त्यांनी 'ऐकण्याची कला' हा लेख लिहिला. मनात म्हणाले, या विषयावर तरी कोण काय बोलणार!

प्रतिक्रिया आली, आणि या खेपेला लांबलचक: "ऐकण्याबद्दल तुम्ही लिहावं, हे धाडस आहे. आम्ही दर मंगळवारी साडेपाचला एका दातांच्या डॉक्टरांकडे जातो. तिथे बाहेरच्या भिंतीवर जहाजाचं चित्र आहे, उजवीकडे इतकं कललेलं, की आज बुडतं की उद्या, असं वाटावं. ते डॉक्टरही तुमच्यासारखेच अखंड बोलतात. बंद दारातूनही ऐकू येतं. पण त्यांच्या हातून निदान दात तरी बरे होतात. तुमच्या हातून काय बरं होतं? राग नसावा."

डॉक्टर त्या वेळी बाहेरच्या खोलीत ताईंच्या काउंटरला टेकून उभे होते. त्यांनी मान वर केली. समोर भिंतीवर जहाज. उजवीकडे कललेलं!

त्यांच्या पाठीतून बर्फाचा खडा घसरावा तसं झालं. शत्रू आपल्याच घरात! आपल्याच खुर्चीत आडवा पडतो, आपल्याच पेल्याने चुळा भरतो आणि घरी जाऊन आपल्यालाच फाडून खातो!

"ताई, वही द्या! मंगळवार साडेपाच कोण?"

"घड्याळवाले काका," ताई वही न बघताच म्हणाल्या. "तीन आठवडे झाले येतायत. कवळीचं काम. या मंगळवारी माप घ्यायचंय."

घड्याळवाले काका! कोपऱ्यावरच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसणारा, मुंगीलाही वाट करून देणारा तो सुकलेला म्हातारा! तीन आठवड्यांत तो डॉक्टरांशी एकूण दोन शब्द बोलला होता: "हो" आणि "दुखतंय". डॉक्टरांना आता सगळा उलगडा झाला. असलेच लोक! वरून मुके आणि आतून विंचू. दिवसभर बारीक चाकं बघायची सवय, म्हणूनच याला वेलांट्या दिसतात!

प्रतिक्रिया त्यांनी सात वेळा वाचली. 'बंद दारातूनही ऐकू येतं' हे वाक्य सातही वेळा डोळ्यांखालून गेलं. आत खुर्चीत पडलेल्या माणसाला बंद दारातून ऐकायचं कारणच काय, हा प्रश्न कोणत्याही शहाण्या माणसाला पडला असता. पण डॉक्टर त्या वेळी शहाणे नव्हते, लेखक होते.

मंगळवारी साडेपाचला काका आले. नेहमीप्रमाणे काकू सोबत होत्या. त्या नेहमीप्रमाणे बाहेरच्या बाकावर चष्मा लावून बसल्या. डॉक्टरांनी काकांना आत घेतलं, दार लावलं आणि एवढं गोड हसले, की काका बिचकलेच.

"काय काका, वाचन वगैरे करता की नाही?"

"नाही," काका म्हणाले.

"वाऽ! छान! असंच म्हणणार तुम्ही!" डॉक्टरांनी डोळे बारीक केले. "बरं, आऽ करा. मोठा."

मापासाठी एक गुलाबी लगदा असतो. तो पत्र्याच्या साच्यात भरून दातांवर दाबून धरायचा. तीन मिनिटांत रबरासारखा घट्ट होतो, मग काढून घ्यायचा. डॉक्टरांनी लगदा भरलेला साचा काकांच्या तोंडात वरच्या बाजूला दाबून बसवला. आता काकांना काही म्हणजे काही बोलता येणार नव्हतं. डॉक्टरांनी स्टूल पुढे ओढलं, खिशातून कागदांची गुंडाळी काढली आणि चष्मा चढवला.

"समुद्र आणि मी," त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली.

काकांचे डोळे मोठे झाले.

"ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच! तो अथांग समुद्र, त्याची ती अथांग निळाई... थांबा. इथे तुम्ही काय लिहिलं होतंत? 'अथांग पाच वेळा.' अहो, पण का पाच वेळा? कारण लाट एकदाच येते का? पुन्हा पुन्हा येते! शब्दही पुन्हा पुन्हा येतो! आता कळलं?"

"ऊंऽ!" काका म्हणाले.

"कळलं ना! मग तेव्हा का नाही कळलं?"

तीन मिनिटं झाली. डॉक्टर दुसऱ्या परिच्छेदावर होते. पाच मिनिटं झाली. ते 'मौनाचं सामर्थ्य' वर आले, आणि मौनाला अठराशे शब्द का लागतात याची सहा कारणं सांगू लागले. काकांनी एक हात वर केला.

"नाही, आता मी बोलणार! तुम्ही भरपूर बोललात!"

काकांनी दुसरा हात वर केला. पाय हलवले. आठव्या मिनिटाला त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डॉक्टर वाचता वाचता थबकले. त्यांनी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"रडा काका," ते हळुवारपणे म्हणाले. "पश्चात्तापाने माणूस मोकळा होतो. मला राग नाही. फक्त एवढंच सांगा, स्वतःची पाठ थोपटायला हात लांब लागतात, असं एखाद्या माणसाला लिहिताना तुमच्या मनाला काहीच..."

धाडकन दार उघडलं. दारात काकू उभ्या होत्या, चष्मा कपाळावर.

"लांब लागतात, पूर्णविराम. 'तुमचे आहेत', पूर्णविराम," काकू म्हणाल्या. "वाचायचंच असेल तर नीट वाचा, दोन्ही पूर्णविराम खाल्लेत तुम्ही. ती माझी प्रतिक्रिया आहे."

खोलीत लाळ ओढणाऱ्या नळीचा तेवढा सुर्रसुर्र आवाज येत राहिला.

"तु... तुमची?" डॉक्टरांच्या हातातले कागद खाली पडले. "म्हणजे तुम्ही राग नसावा?"

"आणि तुम्ही एकांतयात्री!" काकूंनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि डॉक्टरांना नखशिखान्त पाहिलं. "तरीच! मी म्हणत होते, या जगात इतकं बोलणारी दोन माणसं असतील कशी!"

"ऊंऽऽऽ!" काका म्हणाले.

तेव्हा कुठे दोघांना काकांची आठवण झाली.

डॉक्टरांनी साच्याला हात घातला. साचा ढिम्म! तीन मिनिटांचा लगदा दहा मिनिटांत दगड होऊन बसला होता. डॉक्टरांनी डावीकडून ओढलं, उजवीकडून ओढलं. काकांचं डोकं साच्याबरोबर वर आलं आणि साच्याबरोबर खाली गेलं. ताई धावत आल्या, त्यांनी काकांचं कपाळ धरलं. काकूंनी काकांचे खांदे धरले. डॉक्टरांनी एक पाय खुर्चीच्या दांड्याला लावला. बाहेर बसलेल्या दोन पेशंटांनी उघड्या दारातून हे दृश्य पाहिलं आणि आपलं दुखणं अचानक थांबल्याचं त्यांच्या लक्षात आलं. ते चपला हातात घेऊन जिना उतरले.

"अहो, श्वास घ्या नाकाने!" काकू ओरडत होत्या. "डॉक्टर, जपून! ते दात काढायचे नाहीत, ते त्यांचे स्वतःचे आहेत!"

फटाककन आवाज झाला. डॉक्टर भिंतीवर आदळले. त्यांच्या हातात साचा होता, आणि साच्यात, गुलाबी लगद्यात रुतून बसलेली, काकांच्या पुढच्या दाताची कॅप. चार वर्षांपूर्वी याच डॉक्टरांनी बसवलेली, 'मरेपर्यंत हलणार नाही' या खात्रीने.

सगळे काकांकडे बघत राहिले. काकांनी जबडा हलवून पाहिला. चूळ भरली. रुमालाने तोंड पुसलं. डॉक्टरांनी मनातल्या मनात पोलीस, वकील, वर्तमानपत्र, सगळं पाहून घेतलं. काकांनी घसा खाकरला.

"सगळं ऐकलं," कॅप निघालेल्या फटीतून शीळ वाजवत काका म्हणाले. "पण डॉक्टर, समुद्र कधी आलाच नाही हो त्यात."

काकू तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसता हसता बाजूच्या स्टुलावर बसल्या. "अगं बाई! लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, पण ह्यांचं एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं! आणि काय अचूक!"

डॉक्टरांना मात्र हसू येईना. अपमान, भीती आणि दहा मिनिटांचं वाचन, तिन्ही एकदम अंगावर आलं होतं.

"एवढं वाईट लिहितो मी, तर वाचता कशाला?" ते जवळजवळ ओरडलेच. "कोणी बळजबरी केलीय?"

काकूंचं हसू थांबलं. त्यांनी खाली पडलेले कागद गोळा केले, कडा जुळवल्या.

"एकोणचाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली मी," त्या म्हणाल्या. "सकाळी आठ ते पाच दुसऱ्यांच्या चुका. निवृत्त झाले आणि एकदम हात रिकामे. घरी हे. ह्यांची दिवसाला चार वाक्यं, त्यातही चूक सापडत नाही. मग तुम्ही सापडलात. तुमच्याकडे काय, भांडार आहे! दर सोमवारी सकाळी मी चहा घेऊन बसते आणि तुमचा ब्लॉग उघडते. एक सोडला नाही. दोनदोनदा वाचलेत. तुमच्या घरात तरी कोणी वाचलेत का सगळे?"

डॉक्टर गप्प बसले. ताईंनी घड्याळाकडे बघितलं. दवाखान्यात डॉक्टर शुद्धीवर असताना एवढा वेळ शांतता असण्याची ती पहिलीच वेळ होती.

पण माणूस हरला, की त्याला शेवटचा दगड फेकल्याशिवाय राहवत नाही. काकांची कॅप फुकटात आणि दोनदा माफी मागून पुन्हा बसवून झाल्यावर, दारापर्यंत पोचवताना डॉक्टर म्हणालेच, "काकू, दुसऱ्याच्या चुका काढणं सोपं असतं. स्वतः एक पान लिहून बघा, मग कळेल!"

काकूंनी चष्मा पिशवीत टाकला. त्या काकांचा हात धरून जिना उतरल्या.

तीन आठवड्यांनी ताईंनी फोन पुढे केला. "डॉक्टर, हे बघितलंत? काकूंनी ब्लॉग काढलाय. स्वतःच्या नावाने."

डॉक्टरांचे डोळे चमकले. आला की नाही उंदीर सापळ्यात! पुढचा पेशंट त्यांनी बाहेर बसवून ठेवला, आतून दार लावलं, शब्दकोश उघडला, लाल पेन काढलं आणि वाचायला बसले.

लेख होता छापखान्यातल्या पहिल्या दिवसाचा. एकोणीस वर्षांची मुलगी, काळ्या शाईने माखलेले दरवाजे, आणि पहिल्याच दिवशी तिच्या नजरेतून सुटलेली एक चूक: एका श्रद्धांजलीत मृताच्या नावाऐवजी त्याच्या भावाचं नाव. भाऊ दुसऱ्या दिवशी छापखान्यात आला. मुलगी भीतीने कपाटामागे लपली. तो म्हणाला, "रागवायला नाही आलो. घरी दिवसभर लोक माझ्या गळ्यात पडून रडतायत आणि मग मला जिवंत बघून दचकतायत. आई आज पहिल्यांदा हसली. ती चूक ज्याने कोणी केली, त्याला एवढं सांगा." एवढाच लेख. दीड पान.

डॉक्टरांनी चुका शोधायला तो पुन्हा वाचला. मग पुन्हा वाचला. चौथ्या खेपेला आपण चुका शोधत नाही आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं. लाल पेनाचं टोपण त्यांनी लावून टाकलं.

मग त्यांनी प्रतिक्रिया लिहिली. एकांतयात्री म्हणून नाही, निःपक्ष वाचक म्हणून तर नाहीच. स्वतःच्या खऱ्या नावाने. चांगली दोन परिच्छेदांची, मनापासून. त्यात कपाटामागच्या मुलीबद्दल होतं, दुःखात फुटलेल्या हसण्याबद्दल होतं, आणि ओघात थोडंसं समुद्राबद्दलही होतं. लिहून झाल्यावर खाली बारीक अक्षरांत सूचना दिसली: 'प्रतिक्रिया तपासून मगच प्रसिद्ध केली जाईल.'

दोन पेशंट झाले. डॉक्टरांनी फोन पाहिला. प्रतिक्रिया लागलेली नव्हती. काकूंचा निरोप मात्र आला होता: "वीस चुका आहेत. दुरुस्त करून पुन्हा पाठवा."

"डॉक्टर!" ताई दारातून ओरडल्या. "आतले साहेब केव्हाचे तोंड उघडून बसलेत!"

"मिटायला सांगा!" डॉक्टर म्हणाले आणि शब्दकोश पुढ्यात ओढून दुरुस्त्या करायला बसले. विशेषणं कापली. समुद्र काढला. पाठवली. पुन्हा परत आली: "बरी सुधारणा. सात चुका, आणि दुसरा परिच्छेद कशासाठी आहे?" डॉक्टरांनी विचार केला. दुसरा परिच्छेद कशासाठी आहे, हे त्यांनाही सांगता येईना. तोही काढला.

बुधवारी सकाळी प्रतिक्रिया एकदाची प्रसिद्ध झाली. डॉक्टरांनी ती बायकोला दाखवली, ताईंना दाखवली, खुर्चीतल्या तीन पेशंटांना आरशाऐवजी दाखवली. तोवर तिच्यात एकच शब्द उरला होता: "छान."

त्यातला पूर्णविराम काकूंनी घातलेला होता.